परसातल्या गप्पांची नोंद कुठे होते?

गटाच्या बैठकीचे इतिवृत्त लिहिताना आमच्या भागात एक ठरलेले वाक्य असते : 'अवांतर चर्चेनंतर कामकाजास सुरुवात झाली.' पावसाळ्यातल्या बैठकांत ही अवांतर चर्चा अर्धा-पाऊण तास चालते आणि ती बहुतेक वेळा परसाबद्दल असते. कुणाचा दोडका मांडवावर चढला, कुणाची मिरचीची रोपे झडीने कुजली, कुणाकडे घेवड्याचे बी उरले आहे. मग अध्यक्षा म्हणतात, "चला बायांनो, झाल्या गप्पा, आता वह्या काढा." वह्यांत हप्ते, व्याज, थकबाकी लिहिली जाते. दोडका आणि मिरची हवेत विरून जातात.

मी नगर जिल्ह्यात (2024 पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर) गेली नऊ-दहा वर्षे महिला गटांबरोबर काम करते. आधी अकोले तालुक्यात, नंतर पाथर्डीत. माझे म्हणणे असे की ज्याला आपण अवांतर म्हणतो त्या बोलण्यात बाईच्या श्रमाचा, तिच्या माहितीचा आणि तिच्या नुकसानीचा हिशोब असतो. तो ना सरकारच्या कागदावर येतो, ना आपल्या संघटनांच्या. आणि ज्याची नोंद नाही त्याची भरपाई मागता येत नाही, हे आपण घरकामाच्या प्रश्नावर इतकी वर्षे बोलत आलो आहोत. परसाच्या बाबतीत ते बोलणे अजून पुरेसे झालेले नाही.

नगर म्हटले की दुष्काळ, असे समीकरण बाहेरच्या लोकांच्या डोक्यात असते. ते अर्धेच खरे आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत अकोले तालुक्याचा डांगाण भाग आहे. तिथल्या घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पूर्वेकडे पाथर्डी, कर्जत, जामखेडला वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात. एकाच जिल्ह्यात एकीचे परस पाण्याखाली आणि दुसरी मोरीच्या पाण्यावर चार वेल जगवते आहे, असे दरवर्षी घडते.

डांगाणात झड लागली की पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही. भाताची आवणी चालू असते. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून काम, घरी आल्यावर ओले सरपण, ओले कपडे, रडणारे मूल. अशा दिवसांत दोघी-तिघी ओसरीवर टेकल्या की बोलणे साधारण असे असते :

"तुपल्या भोपळ्याला कळी राहती का गं?"

"कुठं राहती. दिसती अन् गळती. माशीच फिरना तं काय व्हईल?"

"मपल्या काकडीचं पान पिवळं पडलं. राख टाकली, पावसानं धुऊन नेली."

"राख मागून टाक. आधी आळ्याला चर काढ. पाणी तुंबलंय तिथं."

ही चार वाक्ये नीट ऐकावीत. पहिल्यात निरीक्षण आहे, दुसऱ्यात कारण आहे. पावसात मधमाश्या फिरत नाहीत, म्हणून परागीभवन होत नाही, म्हणून फळ धरत नाही. तिसऱ्यात रोगाचे लक्षण आणि फसलेला उपाय आहे. चौथ्यात मूळ दुखणे सांगितले आहे. पाण्याचा निचरा नसेल तर मुळांना हवा मिळत नाही, बुरशी वाढते, आणि वरून काहीही शिंपडले तरी उपयोग होत नाही. शेतीच्या एखाद्या पुस्तिकेत हीच माहिती 'निचरा', 'परागीभवन', 'बुरशीजन्य रोग' अशा मथळ्यांखाली येते. तिथे ती ज्ञान ठरते. ओसरीवर ती गप्पा ठरते. तेच पुरुष पारावर बसून कांद्याच्या करप्याविषयी तासभर बोलले तर त्याला कुणी गप्पा म्हणत नाही, त्याला शेतीची चर्चा म्हणतात.

पावसाचे सगळे पंचांग या बायकांच्या तोंडी असते. मिरगात काय टोकायचे, आडदऱ्यात काय, पुनर्वसूचा तरणा पाऊस कसा, पुष्याचा म्हातारा पाऊस कसा. पुढे सासवांचा पाऊस आणि सुनांचा पाऊसही येतो. (जावयाचा पाऊस मी अजून ऐकलेला नाही, तो बहुधा पाहुणचार घेऊन निघून जातो.) वाल मिरगात लावला तरी फुलणार दिवस लहान व्हायला लागल्यावरच, हे त्यांना ठाऊक असते, म्हणून श्रावणात वाल नुसता पानांनी माजलेला दिसला तरी त्या घाबरत नाहीत. नव्या सुनेला मात्र ते माहीत नसते. ती विचारते, आणि तिला उत्तर मिळते. परसाची शाळा अशी चालते.

एका गटातली गोष्ट सांगते. भोपळ्याच्या ज्या फुलामागे बारीक फळ नसते त्याला तिथे 'वांझ फूल' म्हणतात. एक मावशी सुनेला सांगत होत्या, "वांझ फुलं तोड अन् भजी कर, वेलाचा भार कमी व्हईल." सून बारावी सायन्स झालेली. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, ते नर फूल असतं. त्याच्याबिगर दुसऱ्या फुलाला फळ धरतच नाही." क्षणभर कुणी बोलले नाही. मग कोपऱ्यातली एक जण म्हणाली, "म्हंजी फुलातबी दोष बाईलाच लावला म्हणा की!" सगळ्या इतक्या हसल्या की पुढचे पाच मिनिटे कामकाज होऊ शकले नाही. हसणे ओसरल्यावर गटातल्या सर्वांत वयस्कर आजी म्हणाल्या की झडीच्या दिवसांत जरा उघडीप मिळाली की त्या ते फूल तोडून फळाच्या फुलावर घासतात, त्यांच्या आईने तसे शिकवले होते. म्हणजे काम माहीत होते आणि ते बरोबर होते. नाव तेवढे चुकीचे होते, आणि ते नाव कुणी दिले असेल याचा अंदाज आपण करू शकतो. मूल न होणाऱ्या बाईला गावात काय काय ऐकावे लागते यावर आम्ही त्या गटात दोन शिबिरे घेतली होती. त्या दिवशी भोपळ्याच्या वेलावरून जेवढे मोकळे बोलणे झाले तेवढे त्या दोन्ही शिबिरांत झाले नव्हते.

बियाण्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. पूर्वी बी राखेत घोळून मडक्यात किंवा वाळलेल्या दुधीच्या तुंब्यात ठेवत, तोंड शेणामातीने लिंपत, कणसे आणि शेंगांचे जुडगे चुलीवर आढ्याला टांगत. धुराने कीड लागत नसे. आता बऱ्याच घरांत गॅस आला. तो आला हे चांगलेच झाले. तो धूर बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जात होता, आणि 'आपली पारंपरिक चूल' म्हणून गळा काढणाऱ्यांनी आधी एक पावसाळा ओल्या सरपणावर भाकरी भाजून दाखवावी. पण चूल गेल्यावर राख कमी झाली आणि धूरही, मग बी टिकवायचे कसे, हा प्रश्न कुठल्याही योजनेने विचारला नाही. तो बायकांनी आपसांतच सोडवला. कुणी प्लास्टिकच्या बरणीत कडुलिंबाचा पाला घालते, कुणी शेजारणीच्या चुलीवरची राख मागून आणते. 2025 च्या मे महिन्यात मात्र सगळ्यांचीच फजिती झाली. ऐन वाळवणाच्या दिवसांत पाऊस कोसळत राहिला. 26 मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचे जाहीर झाले, इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंद नव्हती. कुरडया, पापड, गोवऱ्या, सरपण आणि बी, सगळे एकदम भिजले. काहींनी मिरगाची वाट न पाहता ओल बघून बी टोकले, आणि जूनच्या सुरुवातीला पावसाने दडी मारली. त्या वर्षी आमच्या गटांत बियांची मागामागी नेहमीपेक्षा फार झाली. एकीकडचे मूठभर बी चार घरी गेले. बाजारातले पाकीट आणायला पैसे लागतात, आणि त्यातल्या संकरित बियांपासून पुढच्या वर्षी तसेच पीक येत नाही, हे त्यांना पक्के माहीत आहे.

याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असे घरचे बी जपले, वालाचे, भाताचे, भाज्यांचे अनेक वाण गोळा केले आणि त्यातून बियाणे बँक उभी राहिली. 2018 साली बीबीसीच्या जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले, 2019 च्या महिला दिनी नारीशक्ती पुरस्कार मिळाला, 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या आदिवासी शेतकरी बाईला हा मान मिळाला याचा डांगाणातल्या बायकांना किती आनंद झाला ते मी पाहिले आहे. तरी एक गोष्ट खटकते ती लिहितेच. त्यांना सगळीकडे 'बीजमाता' म्हणतात. पुरुषाने वाण जपले, निवडले, त्यांची तुलना केली, तर तो संशोधक किंवा पैदासकार होतो. बाईने केले की ती माता. नव्वदीच्या सुमारास शेतकरी संघटनेने बायकांच्या नावावर जमीन करण्याची मोहीम काढली, चांगली मोहीम होती, तिचे नाव लक्ष्मीमुक्ती. पुढे 1991 मध्ये बाईने आपल्या तुकड्यावर घरच्या बियाण्याने करायच्या शेतीची कल्पना मांडली, तिचे नाव सीताशेती. लक्ष्मी, सीता, माता. साधे 'शेतकरी' म्हणायला आपली जीभ इतकी का अडखळते?

मातेला मजुरी द्यावी लागत नाही, हे त्यातले एक कारण असावे.

आता सरकारी परसबागांकडे येऊ. उमेद अभियानाने राज्यभर पोषण परसबागांची मोहीम राबवली. गोलाकार वाफे, मधे शेवगा किंवा पपई, सात प्रकारच्या भाज्या, फोटो, स्पर्धा, बक्षीस. पूर्वेकडच्या कोरड्या गावांत या वाफ्यांचा उपयोग झाला, मोरीचे पाणी वाया जायचे ते भाजीला लागले, हे मी स्वतः पाहिले आहे. डांगाणातल्या बायका मात्र सांगतात की असा सपाट गोल वाफा झडीत म्हणजे छोटे तळेच. त्यांची रीत वेगळी : उंचवट्यावर आळे, भोवती चर, रोपे फुटक्या माठात किंवा टोपलीत वळचणीखाली वाढवायची आणि पावसाचा जोर ओसरल्यावर लावायची. त्यांना कुणी विचारले असते तर त्यांनी हे सांगितले असते. पण नमुना वरून आला होता आणि फोटो गोल वाफ्याचाच हवा होता.

त्याहून मोठी अडचण 'पोषण' या शब्दात आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त. यावर उपाय म्हणून त्याच बाईला आणखी एक वाफा खणायला सांगितला जातो. मजुरीचे दर, स्वस्त धान्य दुकानात काय मिळते, घरात शेवटी कोण जेवते, दुसऱ्यांदा भाजी कुणाच्या ताटात पडते, हे प्रश्न बाजूला राहतात. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात बाईचे दिवसाला 289 मिनिटे जातात आणि पुरुषाचे 88. त्या 289 मिनिटांत परसाचे काम धरलेलेही नाही. घरच्यासाठी पिकवणे हा त्या पाहणीत वेगळा रकाना आहे.

आणि रोजगाराच्या पाहणीत? तिथे प्रत्येक माणसाला एक कोड मिळतो. फक्त घरकाम करणाऱ्या बाईचा कोड 92. घरकाम करून शिवाय घरासाठी भाजीपाला, सरपण, चारा गोळा करणारी, शिवणटिपण करणारी, तिचा कोड 93. परसबाग राखणारी बाई बहुतेक वेळा याच 93 मध्ये जाऊन बसते. आणि 93 कोड पडला की ती 'श्रमशक्तीच्या बाहेर' मोजली जाते, म्हणजे हिशोबापुरती काम न करणारी. मिरगात खड्डे खणणारी, झडीत चर काढणारी, भाद्रपदात मांडव सावरणारी बाई काम करत नाही! एमएसडब्ल्यू करताना हा कोड मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ गावात आल्यावर कळला.

हे सगळे कागदी भांडण वाटत असेल तर आता पाथर्डीला चला.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कितीतरी वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसे निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. उचल नवऱ्याच्या हातात, काम दोघांचे, त्यावर स्वयंपाक आणि मुले बाईची. या बाईचे परस फक्त पावसाळ्यात असते. बाकीचे सहा महिने ती कारखान्याच्या रानात कोपी करून राहते. "कोपीवर काय लावायचं ताई? तिथं प्यायला पाणी मिळंना," असे एक वहिनी मला म्हणाल्या. म्हणून त्या पावसाळ्यातच सहा महिन्यांची बेगमी करतात. गवारीच्या शेंगा, भेंडीच्या चकत्या, कारल्याच्या फोडी वाळवायच्या, भोपळ्याच्या वड्या घालायच्या, दोन-चार पक्के डांगर कोपीवर न्यायचे. पावसाळ्याचे आणखी एक सुख असते : पाणी डोक्यावरून आणावे लागत नाही. उन्हाळ्यात वेलाला घातलेला प्रत्येक तांब्या म्हणजे हंड्यातला तांब्या असतो. आकाशातून पडते तोवर परस फुकट आहे. एका वहिनीचा हिशोब असा होता की राखी पौर्णिमेपासून दसऱ्यापर्यंत आठवडे बाजारात दोनशे रुपयांची भाजी घ्यावी लागत नाही, आणि नंतर कोपीवर वाळवण पुरते तोवर मुकादमाच्या खात्यावर किराणा कमी चढतो.

सप्टेंबर 2025 मध्ये या भागात अतिवृष्टी झाली. पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या मुलखात ओढ्यांना कधी न पाहिलेले पूर आले, शेतांतली मातीच वाहून गेली. कपाशी, तूर, बाजरी, सोयाबीन यांचे नुकसान वर्तमानपत्रांत आले, यायलाच हवे होते. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्याच पावसात गावठाणातली परसे कुजली. मांडव पडले, गवार उभी काळी पडली, अर्धवट वाळलेल्या फोडींना बुरशी आली. दसऱ्याला निघायच्या आधीचे दोनतीन आठवडे, म्हणजे वाळवणाचे नेमके दिवस. पंचनाम्याच्या वेळी एका मावशींनी आपला मांडव दाखवला तेव्हा त्यांना सांगण्यात आले की हे पिकात धरत नाहीत.

पंचनामा करणाऱ्याचा यात दोष नाही, चौकटच तशी आहे. एका महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. 2023 साली राज्याने 'सततच्या पावसा'लाही नैसर्गिक आपत्ती मानायचे ठरवले, सलग पाच दिवस रोज किमान 10 मिलिमीटर आणि आणखी काही अटी. हा निर्णय स्वागतार्ह होता, कारण वेल-भाज्यांना एका रात्रीच्या धो-धो पावसापेक्षा झड जास्त मारते, हे कुठलीही बाई सांगेल. पण मदत मिळते ती सातबाऱ्यावरच्या पिकाला, 33 टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर, क्षेत्राच्या हिशोबाने, आणि खातेदाराला. परस असते गावठाणात. गावठाणाला सातबारा नाही. ई-पीक पाहणीत त्या वेलांची नोंद होऊच शकत नाही. घर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर असते, तेही बहुतेक सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर. पुरात वाहून गेलेल्या कोंबडीला सरकारी दर आहे, 100 रुपये. परसातल्या मांडवाला दर नाही. त्या मावशींनी हे ऐकल्यावर विचारले, "मंग कोंबडीच वेलावर चढवायची व्हती का?"

कमी पडलेले वाळवण म्हणजे कोपीवर जास्त डाळ, जास्त किराणा, मुकादमाकडे वाढलेली बाकी आणि पुढच्या वर्षीच्या उचलीतून कपात. परसाच्या नुकसानीचा धागा असा थेट कर्जापर्यंत जातो.

परसबाग ही काय कायद्याने सोडवायची गोष्ट आहे, असे एका अधिकारीबाईंनी मला विचारले होते. त्यासाठी इंग्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथला उन्हाळा म्हणजे अनेकदा आपल्या श्रावणासारखा, ओला आणि गार. घेवड्याच्या शेंगा कुजल्या, टोमॅटोवर करपा आला, गोगलगायींनी कोबी फस्त केला, अशा गप्पा तिथे कुंपणावरून रोज चालतात आणि त्यांना कुणी फालतू मानत नाही. त्या गप्पांच्या खाली एक कायदा आहे. शेकडो वर्षे गावांच्या सामाईक जमिनी बड्या जमीनदारांनी कुंपणे घालून घेतल्या, मजुराकडे भाजी लावायलाही तुकडा उरला नाही. त्यावर झगडत झगडत 1908 साली असा कायदा झाला की गावातल्या सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर स्थानिक संस्थेने भाजीच्या वाफ्यांसाठी जमीन देण्याचा विचार करायलाच हवा, आणि खरी गरज असेल तर ती उपलब्ध करून द्यायला हवी. एका वाफ्याचे रूढ माप आपल्या हिशोबाने अडीच गुंठे. त्या वाफ्यांवर अनेक दशके पुरुषांचेच राज्य होते, आणि आज तिथे प्रतीक्षायाद्या लांबच लांब आहेत, म्हणजे स्वर्ग तिथेही नाही. पण सहा जणांच्या अर्जाने सरकारला हलावे लागते, ही गोष्ट आपल्याकडे बायकांना सांगितली की त्या पहिल्यांदा विश्वासच ठेवत नाहीत. दहा-बारा जणींचा गट तर आपल्याकडे प्रत्येक वाडीत आहे!

मैत्रिणींनो, 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी शेतकरी स्त्रियांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. भाषणे होतील, साड्यांचे रंग ठरतील. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी सुमारे 14 टक्केच बायकांच्या नावे होती, हा आकडा त्या भाषणांत येईल. जमिनीच्या हक्काचा लढा आपण सोडता कामा नये. पण जिच्या घरात कुणाच्याच नावावर जमीन नाही, तिच्यासाठी सातबाऱ्याची लढाई फार लांबची आहे. तिच्यासाठी परसापासून सुरुवात करता येईल.

आपल्या ग्रामपंचायत कायद्यानुसार ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती रजिस्टरमध्ये सह्या घेऊन उरकली जाते. ती सभा खरी घ्यायला लावायची आणि तिच्यात परसाचा विषय ठेवायचा : पावसाने गावठाणातल्या भाज्यांचे, बियांचे, वाळवणाचे काय नुकसान झाले याची यादी, आणि ती ठरावाने तहसीलदारांकडे. पहिल्या वर्षी काही मिळणार नाही. कागद तयार होईल. घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावाने करून घेण्याची मोहीम आपल्या अनेक संघटनांनी चालवली आहे. तिला परसाची जोड दिली तर बायकांना तिचा अर्थ लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे. 'घर दोघांचे' म्हटले की सासू कपाळाला आठ्या घालते. 'वेल कुणाच्या जागेत?' म्हटले की तीच सासू बोलायला लागते, कारण तिनेही तीस वर्षे दुसऱ्याच्या नावावरच्या जागेत वेल लावले आहेत. आणि ज्यांना परसच नाही, वस्तीच्या दाटीत ज्यांच्या भिंतीला भिंत लागून आहे, त्यात दलित आणि भटक्या-विमुक्त वस्त्यांतल्या बायका जास्त, त्यांच्यासाठी गटाच्या नावाने सामाईक दोन-चार गुंठ्यांची मागणी करावी लागेल. गायरानाच्या जुन्या झगड्यांचा अनुभव असलेल्या कार्यकर्त्यांनी इथे मार्गदर्शन करावे. गावातले राजकारण आडवे येईल, हे सांगायला नकोच.

आमच्या पाथर्डीकडच्या एका गटाने सध्या एवढेच केले आहे की बचतीच्या वहीच्या मागच्या पानांवर परसाचा तक्ता सुरू केला. नक्षत्र, पाऊस, काय लावले, काय आले, काय कुजले, कुणाकडून बी आणले. गटातल्या दोघींना लिहिता येते, बाकीच्या सांगतात. जे आले त्याची किंमत बाजारभावाने लावायची असे ठरले. गवार किती, दोडका किती, हे पटापट झाले. मग एकीने विचारले की शेजारच्या बाळंतिणीला दिलेली मेथी कोणत्या रकान्यात घालायची. विकली नाही, खाल्लीही नाही. एक म्हणाली, सोडून द्या, दिलेल्याचा काय भाव लावायचा. दुसरी म्हणाली, का नाही लावायचा, उगवायला कष्ट लागले नाहीत का? त्यावर दोन बैठका वाद झाला. सध्या 'वाटले' असा वेगळा रकाना आखला आहे, त्यात वजन लिहितात, रुपयांची जागा मोकळी ठेवली आहे. मिरगाच्या बैठकीत तो विषय पुन्हा घ्यायचे ठरले आहे.